नेमलेली माणसं

जुलै २०२५ मधली गोष्ट. आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बातमी पडली, की अॅड. उज्ज्वल निकम राज्यसभेवर गेले. लगेच गुच्छ, टाळ्या, हात जोडलेले इमोजी सुरू झाले. त्या गर्दीत मावशीने एक साधा प्रश्न टाकला, "अरे, पण हे गेल्या वर्षी मुंबईतून लोकसभेला पडले होते ना? मग खासदार कसे झाले?"

कुणीच काही बोललं नाही. मी पुण्यात तीन वर्षं एमपीएससी केलेला माणूस. पोस्ट मिळाली नाही, पण कलमं डोक्यात बसली आहेत. मी टाइप केलं, "कलम ८०. साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा या क्षेत्रांतले १२ सदस्य राष्ट्रपती नेमतात. मुदत सहा वर्षं."

"राष्ट्रपती स्वतः ठरवतात?"

"नाही, सरकारच्या सल्ल्याने."

"म्हणजे सरकारने नेमलेले. मग हे प्रतिनिधी कुणाचे?"

माझ्या नोट्समध्ये याचं उत्तर नव्हतं. नोट्समध्ये होता तो परीक्षेत हमखास येणारा सापळा. राज्यसभेच्या यादीत चार क्षेत्रं आहेत, विधान परिषदेच्या कलम १७१ मध्ये पाच. पाचवं कुठलं? सहकार चळवळ. महाराष्ट्रातल्या मुलांना हे विसरणं अवघडच. १९४८ च्या संविधानाच्या मसुद्यात तर राज्यसभेसाठी १२ नाही, १५ जागा होत्या आणि क्षेत्रांत शेती, मत्स्यव्यवसाय, अभियांत्रिकी, वास्तुकला एवढं सगळं होतं. नंतर ती यादी आटली आणि मासेमारीवाले गेले. मला आजही वाटतं, की कोकण किनाऱ्यावरची एखादी जाणती कोळीण राज्यसभेत बसलेली बघायला मजा आली असती.

पण मावशीच्या प्रश्नाने मला मागे ढकललं, संविधानाच्याही मागे. नेमलेल्या माणसाबद्दलचा संशय आपल्याकडे इंग्रजांच्या काळापासूनचा आहे. तेव्हा नगरपालिकांपासून कायदेमंडळापर्यंत सरकार आपल्याला हवी ती माणसं नेमत असे. ज्याने खुर्ची दिली त्याच्याविरुद्ध हात वर करायचा नाही, हा न लिहिलेला नियम.

जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेत होते, तेही सरकारनियुक्त सदस्य म्हणून. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार होता. त्याच्या स्वागतासाठी नगरपालिकेने एक हजार रुपये खर्च करावेत, असा ठराव आला. फुल्यांचं म्हणणं होतं, की हे पैसे गरिबांच्या शिक्षणावर घाला. मतदान झालं. ३२ नियुक्त सदस्यांपैकी ठरावाच्या विरोधात मत पडलं फक्त एक, फुल्यांचं.

नगरपालिका म्हणजे काही संसदेचं वरिष्ठ सभागृह नव्हे, हे मान्य. पण नेमलेल्या माणसाला मोजायची पट्टी मला तिथे सापडली. तो नेमणाऱ्याला 'नाही' म्हणू शकतो का?

दुसरं उदाहरण आणखी गुंतागुंतीचं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर फेब्रुवारी १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात आले ते निवडून नाही, गव्हर्नरने नेमून. शपथेनंतर काही दिवसांतच त्यांनी अर्थसंकल्पावर भाषण करून सरकारच्या करपद्धतीवर बोट ठेवलं. महिन्याभराने, २० मार्चला, ते महाडला चवदार तळ्यावर होते. पुढच्या वर्षी याच नियुक्त सदस्याने महार वतनाची गुलामी मोडण्यासाठी विधेयक आणलं. आणि त्याच १९२८ मध्ये सायमन कमिशनला बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे निवेदन देताना त्यांनी मागणी केली, की अस्पृश्यांचे प्रतिनिधी सरकारने नेमायचे नाहीत, लोकांनी निवडायचे. स्वतः नेमलेल्या खुर्चीत बसून नेमणुकीची पद्धत मोडा म्हणणारा माणूस!

पुढे तेच मसुदा समितीचे अध्यक्ष झाले आणि राज्यसभेत १२ नेमलेल्या जागा राहिल्या. १९५२ मध्ये लोकसभेला पराभव झाल्यावर ते स्वतः राज्यसभेत गेले, पण मुंबई राज्याच्या आमदारांच्या मतांवर. मावशीला हे सांगितलं तर तिचं म्हणणं पडलं, "बघ, मग हरलेल्याने मागच्या दाराने जायचं हे काही आजचं नाही." मी म्हटलं, मावशी, आमदारांनी दिलेली मतं हे मागचं दार नाही. तिला ते फारसं पटलं नाही.

१९५२ ची पहिली यादी आज वाचली तर खरंच थक्क व्हायला होतं. सत्येंद्रनाथ बोस, ज्यांच्या नावावरून 'बोसॉन' हा शब्द आला. झाकीर हुसेन, जे पुढे राष्ट्रपती झाले. हिंदी कवी मैथिलीशरण गुप्त. भरतनाट्यम् देवळांच्या आणि कोठ्यांच्या बदनामीतून रंगमंचावर आणणाऱ्यांपैकी एक, रुक्मिणीदेवी अरुंडेल. पृथ्वीराज कपूर. आणि आपल्या साताऱ्यात जन्मलेले, गुजरातीत लिहून गांधीजींकडून 'सवाई गुजराती' म्हणवून घेतलेले काकासाहेब कालेलकर. थोड्याच दिवसांत धर्मशास्त्राच्या इतिहासाचे अवाढव्य खंड लिहिणारे पां. वा. काणे आले, मग मामा वरेरकर. ही माणसं कुठल्या पक्षाची नाहीत, साहित्य-कला-संस्कृतीतली सर्वोच्च पातळी आहेत, असं नेहरूंनी १९५३ मध्ये लोकसभेत ठामपणे सांगितलं होतं.

नावं मोठी होती, हे झालंच. पण त्यांनी तिथे केलं काय?

पृथ्वीराज कपूर यांचा किस्सा मला सगळ्यात जास्त आवडतो. १९५८ मध्ये त्यांनी राज्यसभेत ठराव मांडला, की देशातली फाशीची शिक्षा रद्द करा. सरकारला ते नको होतं. चर्चा झाली आणि शेवटी त्यांनी ठराव मागे घेतला. आता त्यांचं दुसरं काम बघा. त्याच वर्षांत 'मुघल-ए-आझम' तयार होत होता, आणि त्यात अनारकलीला भिंतीत चिणायचा हुकूम देणारा अकबर हेच होते. सेटवर एका मुलीला मृत्युदंड द्यायचा आणि दिल्लीत उभं राहून मृत्युदंडच नको म्हणायचं. चित्रपट १९६० मध्ये आला, त्याच वर्षी त्यांची मुदत संपली. चित्रपट आजही रील्समध्ये फिरतो. ठराव कुणाला माहीत नाही.

रुक्मिणीदेवींनी मात्र सरकारला जागचं हलवलं. प्राण्यांच्या छळाविरुद्धचं खाजगी विधेयक त्यांनी आणलं. खाजगी विधेयकाचं काय होतं हे आपल्याला ठाऊक आहे, बहुतेक वेळा त्याचं काहीच होत नाही. पण याच्यावरची चर्चा अशी रंगली, की खुद्द नेहरूंनी त्यांना विनंती केली, तुम्ही हे मागे घ्या, सरकार स्वतः कायदा आणेल. त्यांनी मागे घेतलं. असं आश्वासन घेऊन गप्प बसलेले लोक आपण खूप पाहिलेत. त्या गप्प बसल्या नाहीत आणि १९६० मध्ये प्राणी छळ प्रतिबंधक कायदा झाला. दोन वर्षांनी प्राणी कल्याण मंडळ स्थापन झालं, त्याच्या पहिल्या अध्यक्षाही त्याच. आता कडू भाग. पहिल्या गुन्ह्याला या कायद्यात दंड ठेवला १० ते ५० रुपये. कुत्र्याला काठीने मारतानाचा व्हिडिओ बघून आपण खाली संतापाच्या कमेंट टाकतो ना, तेव्हा हा आकडा लक्षात ठेवा. एका वडापाव-चहात प्रकरण मिटतं.

काकासाहेबांची गोष्ट सांगताना मात्र मला अडखळायला होतं. राज्यसभेत असतानाच, १९५३ मध्ये, ते पहिल्या मागासवर्ग आयोगाचे अध्यक्ष झाले. आयोगाने दोन वर्षं काम करून २,३९९ जातींची यादी केली, त्यांतल्या ८३७ अतिमागास ठरवल्या. मार्च १९५५ मध्ये अहवाल तयार झाला, काकासाहेबांनी सही केली आणि सोबत राष्ट्रपतींना एक लांबलचक पत्र जोडलं. मागासलेपण जातीवरून ठरवणं त्यांना पटेनासं झालं होतं. म्हणजे अध्यक्षच आपल्या अहवालाच्या पायावर शंका घेत होते. सरकारला आयतं कारण मिळालं. अहवाल बाजूला पडला, १९६१ मध्ये केंद्राने देशपातळीवरची यादी करायचंच नाही असं ठरवलं, आणि विषय पुन्हा उघडला तो १९७९ च्या मंडल आयोगाने.

प्रामाणिक माणूस होता, मनात आलं ते लिहिलं, असं त्यांच्या बाजूने म्हणता येतं. मी स्वतः ओबीसी सर्टिफिकेट फाइलला लावून परीक्षा दिल्या आहेत, त्यामुळे माझं मत तटस्थ नाही. मला दिसतं ते एवढंच, की हेही 'नाही'च होतं, पण ते ज्याला ऐकायला हवं होतं त्या सत्तेला सोयीचं होतं. फुल्यांच्या एका मताने लिटनच्या स्वागताचा खर्च काही थांबला नसेल. काकासाहेबांच्या पत्राने पंचवीस-तीस वर्षं गेली. कुठलं 'नाही' कुणाच्या कामाला येतं, याची माझी पट्टी इथे अपुरी पडते.

पुढच्या काळातलं एकच नाव घेतो, आर. के. नारायण. 'मालगुडी डेज'वाले. त्यांनी राज्यसभेत विषय धरला तो शाळेच्या दप्तराचा. १९८९ मधल्या त्यांच्या भाषणात, ओझ्याने वाकून चिंपांझीसारखे हात पुढे लोंबत चालणारी मुलं आहेत. संरक्षण, परराष्ट्र धोरण यांवर बोलणाऱ्या सभागृहात हा म्हातारा दप्तरावर बोलतोय! पण पुढे यशपाल समिती नेमली गेली आणि १९९३ मध्ये तिचा अहवाल आला. दप्तरं हलकी झाली का, ते शाळेच्या गेटवर उभं राहून बघा. तरी 'ओझ्याविना शिक्षण' हा विषय सरकारी कागदावर आला तो एका कादंबरीकारामुळे.

आणि मग आमच्या पिढीला माहीत असलेली नावं. लता मंगेशकर १९९९ ते २००५, सचिन तेंडुलकर २०१२ ते २०१८. दोघांचीही हजेरी फार कमी, आणि त्यावरून दोघांनाही भरपूर टोमणे बसले. सचिनच्या वेळी तर 'यादीत खेळ कुठे आहे' हाही वाद झाला. डिसेंबर २०१७ मध्ये तो खेळण्याच्या हक्कावर बोलायला उभा राहिला, गोंधळात त्याला बोलता आलं नाही आणि दुसऱ्या दिवशी ते भाषण त्याने फेसबुकवर टाकलं. ते पाहताना वाईट वाटलं होतं. पण सहा वर्षांत बोलायला उभं राहायचा दिवस एवढा उशिरा का यावा, हेही मनात आलं. धाराशिव जिल्ह्यातलं डोंजा गाव त्याने दत्तक घेतलं आणि वेतन-भत्ते पंतप्रधान मदतनिधीला दिले, हेही सांगायला हवं. नियुक्त सदस्य आपला खासदार निधी देशात कुठल्याही जिल्ह्यात वापरू शकतो. मतदारसंघच नसतो ना त्याला. मावशीच्या 'कुणाचे' या प्रश्नाला कायद्याने दिलेलं हे एक गमतीशीर उत्तर आहे. कुणाचेच नाहीत, म्हणून कुणाचेही.

पक्षाचे मात्र होता येतं. नियुक्त सदस्याने शपथेनंतर सहा महिन्यांच्या आत एखाद्या पक्षात प्रवेश केला तर पक्षांतरबंदी लागत नाही. सातव्या महिन्यात केला तर पद जातं. ही पळवाट नाही, दहाव्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलेली सोय आहे. राज्यसभेत बहुमताचं गणित अटीतटीचं असतं तेव्हा १२ मतं काय चीज असते, हे वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे विधान परिषदेत तर खेळ उघडच झाला. जिथे १९६२ ते १९७४ ग. दि. माडगूळकर बसले, त्या राज्यपालनियुक्त १२ जागा जून २०२० मध्ये रिकाम्या झाल्या. नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळाने बारा नावं पाठवली. राज्यपालांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की वाजवी वेळेत निर्णय घेणं हे राज्यपालांचं कर्तव्य आहे. तरी काही हललं नाही. सरकार बदललं, नव्या सरकारने जुनी यादी परत घेतली. अखेर १५ ऑक्टोबर २०२४ ला सात जणांनी शपथ घेतली. त्याच दिवशी विधानसभा निवडणूक जाहीर झाली. या चार वर्षांत महाराष्ट्रात एकही कवी, शास्त्रज्ञ किंवा सहकारातला माणूस त्या खुर्चीलायक नव्हता, असं थोडंच आहे? चर्चा पूर्ण वेळ कोणत्या पक्षाला किती नावं याचीच होती.

हे सगळं मी मावशीला तुकड्या-तुकड्यांत व्हॉइस नोटवर सांगत गेलो. तिने काकासाहेबांवर काही म्हटलं नाही, सचिनवर "जाऊ दे, बिचारा" म्हणाली. मग दोन दिवसांनी तिचा मेसेज आला, "त्या नाचणाऱ्या बाई होत्या ना, कुत्र्या-मांजरांचा कायदा केला त्या. त्यांचं पुढे काय झालं?"

मी लिहिलं, की रुक्मिणीदेवी १९६२ पर्यंत राज्यसभेत होत्या. नियुक्त सदस्याला उपराष्ट्रपतीच्या निवडणुकीत मत असतं, राष्ट्रपतीच्या निवडणुकीत नसतं. पण १९७७ मध्ये पंतप्रधान मोरारजी देसाईंनी त्यांनाच विचारलं, राष्ट्रपती व्हाल का?

"मग?"

त्या नाही म्हणाल्या. चेन्नईच्या कलाक्षेत्रात मुली शिकत होत्या, तिथेच राहिल्या.