एरविकुलमचें पठार

सह्याद्रि हा आपल्या नित्य परिचयाचा पर्वत. परंतु त्याचें सर्वोच्च शिखर महाराष्ट्रांत नाहीं. आपल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर, तर केरळांतील आनैमुडीची २,६९५ मीटर. या आनैमुडीच्या अंगाखांद्यावर एरविकुलमचें राष्ट्रीय उद्यान पसरलें आहे. त्याचें क्षेत्र अवघें ९७ चौरस किलोमीटर. एवढ्याशा भूमीवर हक्क कोणाचा, हा प्रश्न गेल्या दीडशे वर्षांत निरनिराळ्या लोकांनीं निरनिराळ्या रीतीनें सोडविला. त्याचीच हकीकत आज श्रोत्यांपुढें ठेवावयाची आहे.

प्रथम भूमीचें रूप पाहूं. पठार बहुतेक सारें गवताचें. झाडी आहे ती घळींत आणि खळग्यांत. या ठेंगण्या, दाट, सदाहरित वनास तिकडे ‘शोला’ म्हणतात. गवत आणि शोला पावसाचें पाणी धरून ठेवतात, आणि पाऊस सरल्यावरही ओढे वाहते राहतात. याच माळांवर नीलकुरिंजी फुलते. आपल्याकडील कारवीची ही भाऊबंद. परंतु कारवी सातआठ वर्षांनीं फुलते, तर कुरिंजीला बारा वर्षें लागतात. २००६ सालीं ती फुलली, ती पुन्हां २०१८ सालीं. आणि त्या वर्षीं अतिवृष्टीनें बहराची बरीच हानि केली.

या पठाराचा खरा धनी मात्र एक प्राणी आहे. तामिळ भाषेंत त्याला ‘वरैआडु’, म्हणजे कड्यावरची शेळी, म्हणतात. इतरत्र तो निलगिरी ताहर या नांवानें ओळखला जातो. कळप माळावर चरतात आणि भयाची चाहूल लागतांच कड्यांचा आश्रय घेतात. वयस्क नराच्या पाठीवर खोगिरासारखा फिकट पट्टा उमटतो. गंमत अशी कीं, हिमालयांतील ताहराशीं त्याचें नांव जुळलें तरी रक्ताचें नातें मेंढीशीं अधिक जवळचें आहे, असें आधुनिक संशोधनानें दाखविलें. साऱ्या जगांत हे प्राणी सुमारें ३,०००. त्यांपैकीं सुमारें ८०० एकट्या एरविकुलममध्यें आहेत.

आतां इतिहासाकडे वळूं. या डोंगरांत मुतुवान लोक फार पूर्वींपासून राहतात. आपले पूर्वज मदुरेकडून आले, असें त्यांची परंपरा सांगते. १८७७ सालीं जॉन डॅनियल मन्रो या युरोपियन गृहस्थानें पूंजारच्या राजाकडून येथील २२७ चौरस मैलांचा मुलूख मिळविला. पुढें त्या उतारांवर चहाचे मळे उठले. एरविकुलमचें पठार मात्र मळेवाल्यांनीं शिकारीसाठीं राखून ठेविलें. १९२८ सालीं त्यांनीं शिकारीच्या रक्षणार्थ संस्था स्थापिली, शिकारीवर निर्बंध घातले आणि मुतुवान लोकांस राखणदार नेमलें. हौस शिकाऱ्यांची, राखण डोंगरवासीयांची. आणि तगला तो वरैआडु! हेतु स्वार्थाचा असूनही परिणाम हिताचा व्हावा, असें इतिहासांत अधूनमधून घडतें.

१९७१ सालीं केरळ सरकारनें कायदा करून कण्णन देवन डोंगरांतील लागवडीबाहेरची जमीन परत घेतली. ती शेतीसाठीं वांटावी, हा त्या कायद्याचा हेतु. पुढल्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें तो वैध ठरविला. एरविकुलमच्या गवतावर नांगर फिरण्याची वेळ आली होती. परंतु १९७५ सालीं तें अभयारण्य झालें व १९७८ सालीं राष्ट्रीय उद्यान. वसंतांत, पाडसें जन्मण्याच्या काळीं, आतां येथील दार प्रवाशांस बंद असतें.

येथें एक आक्षेप उभा राहतो. भूमिहीन माणसाला जमीन मिळावयाची, ती शेळीला मिळाली, हा न्याय काय? आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. ६ ऑगस्ट २०२० रोजीं उद्यानाशेजारच्या पेट्टिमुडी येथें दरड कोसळून मळेमजुरांच्या चाळी गाडल्या गेल्या. ७० जणांचा बळी गेला. पिढ्यान् पिढ्या या डोंगरांत राबलेल्यांस स्वतःची म्हणावी अशी सुरक्षित जागा नसावी, ही गोष्ट लज्जास्पदच होय.

परंतु हें देणें वरैआडूच्या खातीं मांडतां येणार नाहीं. मन्रोला जेवढा मुलूख मिळाला, त्याच्या जेमतेम एकषष्ठांशाएवढें हें उद्यान आहे. खालच्या उतारांवर चहा पसरला, संपत्ति पसरली. मजुराला घर मिळालें नाहीं, त्याचें कारण त्या संपत्तीच्या वांटणींत शोधावें, कड्यावरच्या गवतांत नव्हे. माळ नांगरला असता तर ओढे आटले असते, आणि त्याचा पहिला चटका खालच्या मजुरासच बसला असता. राजा, मळेवाला, सरकार अशीं मालकांचीं नांवें पालटत गेलीं. पठारावरून उतरणारें पाणी मात्र साऱ्यांनींच वापरलें. तें पाणी जेथें धरून ठेविलें जातें, तेवढी भूमि राखणें हा वरैआडूवरील उपकार नसून आपलाच हिशेब आहे.