विमानतळाच्या कुंपणालगत : मुंबईतील मुक्कामाची आणि जेवणाची हॉटेले

मराठीत ‘हॉटेल’ या शब्दाचा पहिला अर्थ राहण्याची जागा असा नसून खाण्याची जागा असा आहे. राहण्यासाठी लॉज, जेवणासाठी खानावळ आणि चहा, मिसळ किंवा डोशासाठी हॉटेल, अशी ढोबळ वाटणी बोलण्यात रूढ आहे. दोन्ही सोयी एकत्र असल्या, तर पाटीवर ‘बोर्डिंग अँड लॉजिंग’ असे लिहिले जाई. मुंबईच्या विमानतळाभोवती मात्र या शब्दाचे दोन्ही अर्थ रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे राहिले. एका बाजूला विमान कंपन्यांच्या आणि प्रवाशांच्या गरजेतून आलेली मुक्कामाची हॉटेले, तर दुसऱ्या बाजूला कामगार, गावठाणातील रहिवासी आणि पार्ल्यातील मध्यमवर्ग यांच्यावर चालणारी जेवणाची हॉटेले. दोन्हींचा इतिहास वेगळा आहे.

विमानतळालगत निवासाची सोय करण्याची कल्पना प्रवासी विमानसेवेइतकीच जुनी आहे. लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर नव्या टर्मिनलबरोबर १९२८ साली ‘एरोड्रोम हॉटेल’ सुरू झाले. अमेरिकेत ओकलंडच्या विमानतळावर १९२९ साली असे हॉटेल उघडले आणि हेन्री फोर्ड यांनी आपल्या विमानतळासमोर १९३१ साली ‘डिअरबॉर्न इन’ बांधले. त्या काळातील विमाने लांबचा पल्ला एका दमात गाठू शकत नसत आणि रात्री उड्डाण करणे धोक्याचे मानले जाई. लंडनहून कराचीला येणारा प्रवासी वाटेत अनेक रात्री जमिनीवर काढत असे. इंपीरियल एअरवेजच्या प्रवाशांसाठी शारजा येथे १९३२ साली तटबंदीचे विश्रामगृहच बांधण्यात आले. विमानतळाजवळच्या हॉटेलचा उगम असा सक्तीच्या मुक्कामात आहे. तेथे उतरणाऱ्याला त्या गावात काही काम नसते. त्याला फक्त पुढचे विमान सुटेपर्यंतचा वेळ काढायचा असतो.

मुंबईत सुरुवातीला ही गरज भासली नाही. जुहूचे विमानक्षेत्र १९२८ साली विलेपार्ल्याच्या फ्लाइंग क्लबसाठी सुरू झाले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन येथेच उतरले आणि तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. या विमानांत मुख्य माल टपालाच्या थैल्यांचा, प्रवासी नावापुरता. पावसाळ्यात जुहूच्या मैदानात चिखल होई, तेव्हा टाटांची सेवा पुण्याला हलवावी लागे. जो थोडा प्रवासी येई तो मोटारीने शहरात जाई. १९०३ पासून उभ्या असलेल्या ‘ताजमहाल’सह सगळी मोठी हॉटेले दक्षिण मुंबईत, बंदराच्या आसपास होती. मुंबईचा पाहुणा तोवर बोटीने येत असल्याने हॉटेलेही धक्क्याजवळच होती.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने वापरलेला सांताक्रूझचा तळ स्वातंत्र्यानंतर नागरी वाहतुकीकडे आला. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. १९५८ साली सांताक्रूझला प्रवाशांसाठी नवी इमारत झाली. विमानतळाला नाव सांताक्रूझचे मिळाले, तरी त्याचा मोठा भाग विलेपार्ले, सहार, मरोळ आणि कुर्ला यांच्या मधोमध पसरला. पुढे खाण्याच्या जागांच्या दृष्टीने हे महत्त्वाचे ठरले.

१९६० साली एअर इंडियाकडे बोइंग ७०७ आणि १९७१ साली बोइंग ७४७ ही जेट विमाने आली. प्रवाशांची संख्या वाढली आणि विमानतळाजवळ मुक्कामाची मागणी तीन प्रकारांनी निर्माण झाली. पहिली मागणी वैमानिक आणि सेवक-सेविकांची. लांबच्या उड्डाणानंतर कर्मचाऱ्यांना विश्रांती देणे नियमाने बंधनकारक असते, त्यामुळे विमान कंपन्या हॉटेलांशी करार करून वर्षभरासाठी खोल्या राखून ठेवतात. पर्यटकांचा हंगाम सरला तरी हे उत्पन्न थांबत नाही. दुसरी मागणी पुढचे विमान चुकलेल्या किंवा रखडलेल्या प्रवाशांची. तिसरी अपरात्रीच्या वेळापत्रकाची. युरोपातील अनेक विमानतळांवर रात्री विमाने उतरवण्यावर निर्बंध असल्याने मुंबईहून तिकडे जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात आणि पहाटे पोहोचतात. त्यामुळे दुपारी येऊन मध्यरात्री खोली सोडणारा पाहुणा इथे नेहमीचा झाला.

पहिली हॉटेले विमानतळाच्या कुंपणापेक्षा जुहूच्या किनाऱ्याकडे झुकली. १९६२ साली सुरू झालेले ‘सन-एन-सँड’ हे त्यातले ठळक उदाहरण. सांताक्रूझपासून थोड्या अंतरावर समुद्र मिळत असल्याने विमान कर्मचारी आणि परदेशी पाहुणे तेथे उतरत. विमानतळाला अगदी खेटून मोठे हॉटेल बांधण्याचे काम सरकारी कंपनीने केले. एअर इंडियाची उपकंपनी म्हणून १९७१ साली हॉटेल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया स्थापन झाली आणि सांताक्रूझच्या टर्मिनलशेजारी गोलाकार ‘सेंटॉर’ उभे राहिले. विमान कंपनीच हॉटेलची मालक आणि तीच त्याची सर्वांत मोठी गिऱ्हाईक, अशी ही व्यवस्था होती. विमानात दिले जाणारे जेवणही याच कंपनीच्या ‘शेफएअर’ स्वयंपाकघरातून जाई. २००२ साली निर्गुंतवणुकीच्या धोरणात हे सेंटॉर विकले गेले आणि नंतर ‘सहारा स्टार’ या नावाने चालू राहिले.

१९७९ साली सांताक्रूझच्या टर्मिनलला आग लागली. १९८१ साली आंतरराष्ट्रीय वाहतूक सहारच्या नव्या टर्मिनलमध्ये गेली आणि हॉटेलांचा दुसरा पट्टा तिकडे सुरू झाला. निर्यातीच्या कापड व्यवसायातून आलेले कॅप्टन सी. पी. कृष्णन नायर यांनी १९८०च्या दशकात सहारला पत्नीच्या नावाने ‘लीला’ उभारले. २००१ साली त्याच परिसरात ‘आयटीसी मराठा’ आले. या सगळ्या इमारतींच्या रूपात एक साम्य आहे. धावपट्ट्यांजवळ इमारतींच्या उंचीवर कडक मर्यादा असते आणि मुंबईत एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या असल्याने ही मर्यादा चारही दिशांना लागू होते. म्हणून इथली हॉटेले नरिमन पॉइंटसारखी उंच न होता आडवी पसरली आणि मधोमध अंगण किंवा झाकलेला चौक सोडून त्याभोवती खोल्या मांडण्याची पद्धत रुळली. बाहेरचा आवाज अडवण्यासाठी खिडक्यांना दुहेरी काचा आल्या.

सहारच्या वाटेवरचे सगळेच प्रवासी अशा हॉटेलात उतरणारे नव्हते. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले आणि आखाती देशांत कामगारांची मागणी आली. केरळच्या विमानतळांवरून थेट परदेशी सेवा मर्यादित असल्याने तिकडचे असंख्य लोक मुंबईमार्गे गेले. रत्नागिरी आणि रायगडमधील कोकणी मुसलमानांचीही हीच वाट होती. कागदपत्रे, वैद्यकीय तपासणी आणि तिकीट यांसाठी दिवसच्या दिवस थांबावे लागे. अशा वेळी स्वस्त लॉज, नातेवाइकाची चाळीतली खोली किंवा गावकऱ्यांनी मिळून घेतलेली ‘गावची खोली’ उपयोगी पडे. गोव्याच्या खलाशांसाठी धोबीतलाव भागात गावागावांची ‘कूड’ होती, तशीच ही सोय. निघायच्या रात्री सातारा-सांगलीकडून जीप भरून सोडायला आलेली माणसे टर्मिनलबाहेर सतरंजी टाकून बसत आणि घरून आणलेला चपाती-भाजीचा डबा तेथेच उघडत. आत प्रवेश फक्त तिकीटधारकाला, त्यामुळे चहावाल्याचा मुख्य धंदा न उडणाऱ्या माणसांवर चाले.

जेवणाच्या हॉटेलांची गोष्ट अशी की त्यांपैकी बहुतेक प्रवाशांसाठी निघालीच नव्हती. विमानतळाच्या पश्चिमेला विलेपार्ले हे जुने मराठी-गुजराती मध्यमवर्गी उपनगर. १९२९ पासून तेथे पार्ले कंपनीचा कारखाना होता आणि तो २०१६ साली बंद होईपर्यंत भाजत्या बिस्किटांचा वास पूर्वेच्या रस्त्यांवर पसरलेला असे. स्टेशनाजवळच्या ‘रामकृष्ण’सारख्या उडुपी हॉटेलांचे गिऱ्हाईक म्हणजे लोकलने ये-जा करणारा नोकरदार आणि कॉलेजातला विद्यार्थी. पूर्वेला हनुमान रोडवरची ‘गजाली’ मालवणी जेवणासाठी नावाजली. सोलकढी, तिसऱ्या, बोंबील आणि खेकडे खायला मुळात पार्ल्याची माणसे येत. पुढे विमानतळाजवळ उतरलेल्या पाहुण्यांनाही तिचा पत्ता सांगितला जाऊ लागला.

पूर्वेला आणि उत्तरेला सहार, चकाला, मरोळ, कोंडिविटा ही जुनी गावठाणे आहेत. तेथे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची घरे, क्रूस आणि चर्च विमानतळाच्या आधीपासून आहेत. बॉटल मसाला घालून केलेले मटण आणि सणाची फुगियास हे त्यांचे अन्न घरात आणि लग्नकार्यात राहिले. हॉटेलच्या यादीत ते क्वचितच आले. या भागातील हॉटेलांना खरे गिऱ्हाईक दिले ते कारखान्यांनी. अंधेरी-मरोळची औद्योगिक वसाहत आणि १९७३ साली स्थापन झालेले ‘सीप्झ’ हे निर्यात क्षेत्र यांमुळे हजारो कामगार दुपारी एकाच वेळी जेवायला बाहेर पडू लागले. राइस प्लेट देणारी उडुपी हॉटेले, मासळीचे ताट देणाऱ्या खानावळी आणि मल्याळी मेस या गर्दीवर वाढल्या. विमानतळावरचे हमाल, टॅक्सीवाले, सफाई कामगार आणि विमानांसाठी जेवण रांधणाऱ्या स्वयंपाकघरांतील माणसेही तेथेच जेवत.

रात्रीचे गणित वेगळे होते. १९४८च्या दुकाने व आस्थापना कायद्याने खाद्यगृहे बंद करण्याची वेळ ठरवून दिली होती, तर परदेशी विमानांची गर्दी नेमकी त्यानंतर सुरू होई. त्यामुळे मध्यरात्री दोनच पर्याय उरत. एक, मोठ्या हॉटेलातील चोवीस तास उघडे असणारे कॉफी शॉप. दुसरा, रस्त्यावरची भुर्जी-पावची गाडी आणि सायकलवर किटली बांधून फिरणारा चहावाला. यांच्या मधले काही जवळजवळ नव्हते. २०१७ साली नवा कायदा आल्यावर रात्री उशिरापर्यंत व्यवसाय करण्यावरील बंधने बरीच सैल झाली.

खाण्याचे हॉटेल आणि राहण्याचे हॉटेल यांमधला रस्ता ओलांडणारे नाव म्हणजे विठ्ठल कामत. त्यांच्या घराण्याचा धंदा मुळात चर्चगेटजवळच्या ‘सत्कार’सारख्या शाकाहारी खाद्यगृहाचा. १९९७ साली त्यांनी देशांतर्गत टर्मिनललगत ‘ऑर्किड’ हे पंचतारांकित हॉटेल सुरू केले. पाणी आणि विजेची बचत, कचऱ्याचा पुनर्वापर यांसाठी मिळालेल्या पर्यावरण प्रमाणपत्रामुळे ते गाजले. ‘इडली, ऑर्किड आणि मी!’ या त्यांच्या आत्मकथनाच्या नावातच हा प्रवास आहे आणि मराठी वाचकांत ते पुस्तक खूप खपले.

१९९० नंतर खासगी विमान कंपन्या आल्या आणि २००३ पासून स्वस्त तिकिटांची सेवा सुरू झाली. एका दिवसाच्या कामासाठी येणारा मध्यम पगाराचा प्रवासी वाढला आणि त्याच्यासाठी अंधेरी-कुर्ला रस्त्यावर मध्यम दराची हॉटेले झाली. २००६ साली विमानतळाचे व्यवस्थापन खासगी कंपनीकडे गेले. २०१४ साली सहारचे नवे टर्मिनल आणि तेथे थेट पोहोचवणारा उन्नत मार्ग सुरू झाला. त्यानंतर विमानतळावरून निघालेली मोटार नाक्यांना वरच्या वर टाळून जाऊ लागली आणि नाक्यावरचे हॉटेल प्रवाशाच्या नजरेआड झाले. टर्मिनलच्या आतच तासांच्या हिशेबाने मिळणाऱ्या खोल्याही आल्या. उलट, २०१४ साली सुरू झालेल्या वर्सोवा-घाटकोपर मेट्रोने आणि २०२४ पासून भुयारी मेट्रोने मरोळ नाका तसेच दोन्ही टर्मिनले पायी प्रवाशाच्या आवाक्यात आणली. घरपोच जेवण देणाऱ्या सेवांमुळे पंचतारांकित खोलीत बसून नाक्यावरची बिर्याणी मागवता येऊ लागली.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षअखेर तेथून उड्डाणे सुरू झाली. उलवे आणि पनवेलच्या बाजूला आता मुक्कामाच्या हॉटेलांची आखणी होत आहे. खाण्याची हॉटेले तेथे आधीपासून आहेत. पुणे आणि गोव्याच्या वाटेवरचा थांबा म्हणून पनवेल-पळस्प्याचा वडा आणि मिसळ विमानाच्या कितीतरी आधी नावारूपाला आली.