हलती डिस्क, जागता सर्व्हर

२००४ साली लिंक्सिस कंपनीने ‘एनएसएलयू२’ नावाची छोटी पेटी बाजारात आणली. तिला यूएसबीचे दोन पोर्ट होते आणि नेटवर्कचा एक. आत ३२ मेगाबाइट मेमरी आणि २६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर होता, आणि सुरुवातीच्या पेट्यांत तोही निम्म्या वेगावर बांधून ठेवलेला. एका पोर्टला एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावायची, दुसरीकडून राउटरला केबल जोडायची, की घरातल्या सगळ्या कॉम्प्युटरवर त्या डिस्कवरच्या फायली दिसू लागत. आतली प्रणाली लिनक्सची असल्याने हौशी तंत्रज्ञ तिच्यावर तुटून पडले. कोणी फर्मवेअर बदललं, कोणी बोर्डावरचा बारीक रेझिस्टर काढून प्रोसेसरचा पूर्ण वेग मोकळा केला, तर कोणी तिच्यावर गाण्यांचा सर्व्हर चढवला. दिवसरात्र चालणारा आणि फारशी वीज न खाणारा घरगुती मीडिया सर्व्हर अशा पेट्यांमुळे सामान्य माणसाच्या आवाक्यात आला.

त्याच्याबरोबर त्याची दुखणीही आली. डिस्क अचानक गायब होते, सिनेमा मध्येच थांबतो, फोल्डर दिसतं पण उघडत नाही. आजही घरोघरी याच तक्रारी ऐकू येतात, आणि त्यांचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. एक्स्टर्नल डिस्क घडली ती हवी तेव्हा लावण्या-काढण्यासाठी. सर्व्हर मात्र सगळं कायम जागच्या जागी आहे असं गृहीत धरून चालतो. या दोघांचं जमवून देण्यातच घरगुती सर्व्हरची गेली वीस वर्षं गेली आहेत.

पहिली अडचण विजेची. यूएसबीचं पहिलं मानक जानेवारी १९९६ मध्ये आलं. तेव्हा डोळ्यांसमोर होते कीबोर्ड, माउस आणि प्रिंटर. एका पोर्टमधून जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर वीज मिळेल असं ठरलं, आणि २००० सालच्या यूएसबी २.० मध्ये वेग सेकंदाला ४८० मेगाबिटपर्यंत वाढला तरी हा आकडा तसाच राहिला. अडीच इंची डिस्कची तबकडी फिरायला लागते त्या क्षणी तिला याहून बरीच जास्त वीज लागू शकते. म्हणून त्या काळच्या अनेक डिस्कसोबत दोन तोंडांची केबल मिळे. एक तोंड डेटासाठी आणि दुसरं फक्त विजेसाठी.

२०१२ च्या फेब्रुवारीत रास्पबेरी पाय आला आणि हाच प्रश्न नव्याने उभा राहिला. पहिल्या मॉडेल बी बोर्डांवर यूएसबी पोर्टसाठी १४० मिलिअँपिअरचे फ्यूज होते. तिथे डिस्क थेट लावली की ती टकटक आवाज करी आणि बंद पडे. उपाय एकच होता, स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब. त्याच वर्षी पुढच्या आवृत्तीत ते फ्यूज काढून टाकले गेले. २०२३ च्या रास्पबेरी पाय ५ लाही ५ अँपिअर देणारा अडॅप्टर नसेल, तर तो यूएसबीला सगळे पोर्ट मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो. हाताशी आहे तो मोबाइलचा चार्जर लावला की डिस्क चार दिवस नीट चालते आणि मोठी फाइल कॉपी करताना मान टाकते. जाणकार सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी अडॅप्टर आणि केबल बदलून पाहतात ते यासाठीच.

यूएसबी ३ बरोबर वेगळी भानगड आली. डिस्कच्या डबीत सर्किटची एक छोटी पट्टी असते. तिच्यावरची चिप डिस्कची भाषा यूएसबीत उतरवते. काही चिपा ‘यूएएस’ ही वेगवान पद्धत येते असं सांगतात, पण प्रत्यक्षात ती नीट पाळत नाहीत. २०१९ मध्ये यूएसबी ३ चे पोर्ट असलेला रास्पबेरी पाय ४ आला आणि अशा डिस्क भर कामात अडकू लागल्या. लिनक्सला त्या चिपचा ओळखक्रमांक देऊन यूएएस न वापरण्याची सूचना करता येते. वेग थोडा उतरतो, पण डिस्क टिकून राहते.

फॉरमॅटचा गुंता त्याहून जुना. १९९६ च्या एफएटी३२ मध्ये एक फाइल ४ गिगाबाइटपेक्षा मोठी असू शकत नाही. ४.७ गिगाबाइटच्या डीव्हीडीची प्रत एका फाइलमध्ये करायची तर ती तिथेच अडते. विंडोजच्या एनटीएफएस फॉरमॅटवर ही अडचण नव्हती, पण लिनक्सवरून त्यात भरवशाने लिहिता येऊ लागलं ते २००७ मध्ये एनटीएफएस-३जी आल्यावर. २०१२ च्या विंडोज ८ पासून कॉम्प्युटर बंद केला तरी तो पुरता बंद होत नाही. लवकर सुरू होता यावं म्हणून अर्धवट निजतो. अशा वेळी उपसलेली डिस्क लिनक्सला लावली की ती बऱ्याचदा फक्त वाचण्यापुरती उघडते. एक्सफॅट सगळीकडे चालतं, पण त्यात जर्नल नाही, म्हणजे अर्धवट राहिलेल्या लेखनाची नोंद नाही. लोडशेडिंग सोसलेल्या महाराष्ट्रात हा मुद्दा पुस्तकी नाही. लिहिणं चालू असताना वीज गेली तर जर्नल असलेली, लिनक्सच्या एक्स्ट३ किंवा एक्स्ट४ फॉरमॅटची डिस्क सहसा स्वतःच सावरते.

मराठी फायलींच्या वाट्याला एक खास पेच आला. युनिकोडमध्ये ‘ऱ’ दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता असा जोडून. १९९८ पासून ॲपलच्या एचएफएस प्लस पद्धतीत नावं दुसऱ्या तऱ्हेने साठवली जात. त्यामुळे ‘दुसऱ्या भागाची गाणी’ हे फोल्डर मॅकवरून लिनक्सवर गेलं की डोळ्यांना नाव तेच दिसतं, पण यंत्राला ते वेगळं वाटतं. एकाच नावाची दोन फोल्डरं शेजारीशेजारी उभी राहतात. आर-सिंक या कॉपी करणाऱ्या साधनात नावांचं हे रूपांतर करण्याची सोय आहे.

सर्व्हर सॉफ्टवेअरचं एक घराणं गेमच्या खोक्यातून निघालं. २००२ मध्ये हौशी प्रोग्रॅमरनी मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर सिनेमे दाखवणारा प्लेअर लिहिला. त्याचंच पुढे एक्सबीएमसी झालं आणि २०१४ मध्ये कोडी. त्याच्या मॅकवरच्या अवतारातून २००८ मध्ये प्लेक्स वेगळं झालं. एम्बी या दुसऱ्या मीडिया सर्व्हरने आपला कोड बंद केला तेव्हा डिसेंबर २०१८ मध्ये त्यातून जेलीफिन फुटून निघालं.

लिनक्सवर प्लेक्स आणि जेलीफिन आपापल्या नावाच्या स्वतंत्र खात्याने चालतात. अनेकांनी वापरायच्या यंत्रांसाठी युनिक्सने १९७० च्या दशकात घालून दिलेली ही शिस्त आहे. डेस्कटॉपवर डिस्क खोचली की ती खोचणाऱ्याच्या खात्यापुरती उघडते. मालकाला सिनेमे दिसतात, सर्व्हरला दिसत नाहीत. म्हणून डिस्क एका ठरलेल्या जागी, सर्व्हरच्या खात्याला वाचता येईल अशी माउंट करावी लागते. तीही ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशा बदलत्या नावाने नव्हे, तर तिच्या कायमच्या ओळखक्रमांकाने, म्हणजे यूयूआयडीने.

पण एवढ्यावर भागत नाही. २०१५ च्या डेबियन ८ मध्ये यंत्र सुरू करण्याचं काम पाहणारं सिस्टिमडी आलं, आणि सुरू होताना माउंट करायच्या डिस्कच्या यादीत नोंदलेली डिस्क जागेवर नसेल तर यंत्र दीड मिनिट वाट पाहून आणीबाणीच्या पडद्यावर थांबू लागलं. नोंदीत ‘नोफेल’ हा शब्द घातला की यंत्र सुरू होतं. मात्र मग डिस्कच्या जागी रिकामं फोल्डर राहतं. प्लेक्समध्ये प्रत्येक स्कॅननंतर कचरा आपोआप रिकामा करण्याची सोय चालू असेल, तर ते रिकामं फोल्डर पाहून सगळे सिनेमे पुसले गेले असा त्याचा समज होतो आणि वर्षानुवर्षं लावलेली लायब्ररी यादीतून साफ होते. फायली डिस्कवर सुखरूप असतात, पण हाताने केलेल्या दुरुस्त्या आणि रचलेले संग्रह जाऊ शकतात. डिस्क अधूनमधून निघत असेल तर ती सोय बंद ठेवा, असा सल्ला खुद्द प्लेक्सच देतं.