पावणेसहाला बंद

सलग तिसरा बुधवार. नेरूळला आमच्या सोसायटीचं ऑफिस दिवसभर रिकामंच असतं. सेक्रेटरी काकांच्या मागे लागून ते दहा ते सहा मागून घेतलं, दोन एक्स्टेंशन बोर्ड नेले, चहाचा थर्मास नेला, आणि आजूबाजूच्या बिल्डिंगांमध्ये घरून काम करणाऱ्यांना निरोप दिला की या, आपापलं काम घेऊन एकत्र बसू. आलं कोण? वॉचमन. चहा प्यायला :)

मग दुपारी मीटिंग संपल्यावर ज्याने हा उद्योग पहिल्यांदा केला त्याचा इतिहास वाचत बसलो.

त्याचं नाव ब्रॅड न्यूबर्ग. सॅन फ्रान्सिस्कोचा वेब डेव्हलपर. २००५ म्हणजे अजॅक्सच्या बहराचं वर्ष. पान रीलोड न करता डेटा बदलायचा, भारीच! पण त्यात ब्राउझरचं बॅक बटण बोंबलायचं. त्यावर या पठ्ठ्याने 'रिअली सिम्पल हिस्टरी' नावाची छोटी लायब्ररी लिहिली होती. आमच्यासारख्यांनी त्याला त्यासाठीच ओळखायला हवं खरं तर. असो.

तर हा माणूस एका स्टार्टअपमध्ये नोकरीला होता आणि वैतागला होता. त्याआधी तो स्वतःचं काम स्वतः करायचा, तेव्हा मोकळीक होती, पण सोबत नव्हती. नोकरीत सोबत होती, तर मोकळीक गेली. दोन्ही एकाच वेळी का मिळू नये, एवढाच त्याचा प्रश्न. ९ ऑगस्ट २००५ ला त्याने जाहीर केलं की घरून काम करणाऱ्यांसाठी अशी जागा आपण काढतोय, आणि त्याला नाव दिलं कोवर्किंग. (शब्द आधीचा आहे. १९९९ मध्ये बर्नी डीकोव्हेन यांनी तो वापरला होता, पण लोकांनी मिळून काम कसं करावं अशा अर्थाने. जागेशी त्याचा संबंध नव्हता.)

जागा होती मिशन भागातली 'स्पायरल म्यूज', बायकांनी चालवलेलं एक घर. महिना ३०० डॉलर भाडं आणि तेही आठवड्यातले दोनच दिवस. सकाळी घडीची टेबलं मांडायची, संध्याकाळी आवरून ठेवायची. वायफाय, सगळ्यांनी मिळून जेवण, मध्येच थोडं ध्यान, आणि पावणेसहा वाजले की बंद म्हणजे बंद. हा नियम मला फार आवडला. आमच्या धंद्यात पावणेसहाला तर खरा कॉल सुरू होतो.

आणि पहिला महिनाभर तिथे कोणीही आलं नाही.

म्हणजे हा बाबा टेबलं मांडायचा, एकटाच बसायचा आणि टेबलं परत घडी करायचा. भाडं खिशातून. मग एक स्टार्टअपवाला आला, मग हळूहळू अजून काही. वर्षभराने ती जागा सुटली, त्यातून २००६ मध्ये 'हॅट फॅक्टरी' झाली. त्याच वर्षी ख्रिस मेसिना (हॅशटॅगवाला तोच, पण ते पुढे २००७ मध्ये) आणि टारा हंट यांची 'सिटिझन स्पेस'. न्यूबर्गने कल्पनेवर हक्क सांगितला नाही. उचला आणि आपापल्या गावात करा, असंच त्याचं म्हणणं होतं, अगदी ओपन सोर्ससारखं. मग काय, २०१० मध्ये वीवर्क आलं, जानेवारी २०१९ मध्ये किंमत ४७ अब्ज डॉलर झाली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज. त्यांनी टेबलं विकली. माझ्या मते सोबत विकता येते असा त्यांचा गैरसमज झाला.

हे नेरूळमध्ये बसून वाचताना गंमत वाटते. कारण आपलं शहरच मुळी या प्रश्नातून जन्मलं. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये 'मार्ग' मासिकात मांडलं की मुंबईची नोकऱ्यांची गर्दी खाडीपलीकडे न्या. १९७० मध्ये सिडको आली. पण माणसं आधी राहायला आली, नोकऱ्या मागे राहिल्या. लोकल वाशीपर्यंत यायला १९९२ उजाडलं. सिडकोने वाशी, बेलापूरला स्टेशनांच्याच डोक्यावर ऑफिसं बांधली, तरी माझे बाबा जन्मभर सीएसटीलाच गेले. घराजवळ काम हे स्वप्न आमच्या घरी पूर्ण झालं ते थेट मार्च २०२० मध्ये, तेही जेवणाच्या टेबलावर!

बाबांना प्रवासाचा त्रास होता, पण त्यांचा डब्यातला ग्रुप होता. अजूनही त्यातल्या दोघांकडे गणपतीला जाणं होतं. मी टीममधल्या निम्म्या लोकांना प्रत्यक्ष पाहिलेलं नाही.

न्यूबर्गच्या हिशोबाने माझा अजून एक बुधवार बाकी आहे. काल रात्री समोरच्या विंगमधल्या एका ताईंचा मेसेज आला, "ऑफिसात पंखा चालतो का?" मी तेव्हाच चावी घेऊन खाली जाऊन बघितलं. चालतो. आवाज करतो, पण चालतो.