आनुवंशिक भाकीत आणि माणसाचे मन

न्यूयॉर्कनजीकच्या लाँग आयलंड बेटावर, ईस्ट हॅम्प्टन गावी, हंटिंग्टन घराण्यात डॉक्टरकी पिढीजात चालत आलेली होती. त्या घरातील आठ वर्षांचा जॉर्ज एके दिवशी वडिलांच्या घोडागाडीतून रोग्यांच्या भेटीला निघाला असता, वाटेवर त्यास दोन स्त्रिया दिसल्या. एक आई आणि दुसरी तिची मुलगी. दोघी उंच, अस्थिपंजर. दोघींची अंगे अनावर वळत, वाकत होती आणि चेहरे वेडेवाकडे होत होते. मुलगा भ्याला. वडिलांनी मात्र गाडी थांबविली, त्यांच्याशी चार शब्द बोलून मग ती पुढे हाकली.

हाच जॉर्ज हंटिंग्टन डॉक्टर झाला आणि 1872 साली, ऐन बाविशीत, त्याने या रोगावर लेख प्रसिद्ध केला. आजोबा व वडील यांचा अनुभव हाताशी असल्याने कित्येक पिढ्यांचा वृत्तांत त्यास सांगता आला. रोग बहुधा मध्यम वयात, मुलेबाळे झाल्यावर प्रकट होतो. अंगाबरोबर बुद्धीही ढळते. आणि आईबापांपैकी एकाला तो असल्यास प्रत्येक अपत्याला तो होण्याचा संभव निम्मा असतो, असे आज सिद्ध झाले आहे. जो या तडाख्यातून सुटला त्याच्या वंशात तो पुन्हा उद्भवत नाही, हेही हंटिंग्टनने अचूक टिपले होते. त्या कुटुंबांत मात्र याविषयी सहसा कोणी बोलत नसे. ‘तो विकार’ एवढाच काय तो उल्लेख! विवाह जुळविताना ‘घराण्यात काही नाही ना?’ असे दबल्या आवाजात विचारणाऱ्या आपल्या समाजास यात नवल वाटू नये.

पुढच्या पिढीतील विद्वानांनी या मौनाचा आदर केला नाही, आणि दुःखाचाही नाही. सुप्रजननवादी चार्ल्स डॅव्हनपोर्ट याने 1916 साली अशा घराण्यांच्या वंशावळी छापल्या. त्याची दृष्टी अशा लोकांची संतती कशी रोखावी याकडे होती. त्यांना काय वाटते, हा प्रश्नच त्याच्या लेखी नव्हता. मिनेसोटा विद्यापीठातील शेल्डन रीड याने 1947 साली ‘आनुवंशिक समुपदेशन’ हा शब्दप्रयोग रूढ केला. आलेल्या कुटुंबाची शंका ऐकावी, माहिती द्यावी, निर्णय त्याचा त्याला घेऊ द्यावा, ही त्यामागील कल्पना. शब्द झाला; परंतु सांगण्याजोगे निश्चित ज्ञान अजून फारसे नव्हते, आणि जे लोकांत पसरले होते ते कित्येकदा चुकीचे होते.

लिओनोर वेक्सलर हिचेच उदाहरण पाहा. तिचे वडील या रोगाने गेले. पण तो पुरुषांनाच होतो, या समजुतीवर स्वतः जीवशास्त्र शिकलेली ही स्त्री निर्धास्त राहिली. 1968 साली लॉस एंजेलिस येथे ती सकाळी रस्ता ओलांडीत असता, ‘भल्या सकाळी दारू पिऊन चालता?’ म्हणून पोलिसाने तिला हटकले. ती प्यालेली नव्हती. तो रोगाचा आरंभ होता. पती मिल्टन याने दोन्ही मुलींना सत्य सांगितले आणि त्याच वर्षी संशोधनासाठी संस्था काढली. धाकटी नॅन्सी मानसशास्त्रज्ञ झाली. व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवराकाठच्या गावांत हा रोग घरोघर आहे. तेथे ती वर्षानुवर्षे जात राहिली. तेथील लोक नमुने देण्यास बिचकत, तेव्हा स्वतःच्या दंडावरील व्रण दाखवून, ‘माझ्याही घरी हाच रोग आहे,’ असे तिने त्यांना पटविले. त्या रक्ताच्या साह्याने 1983 साली रोगाची खूण चौथ्या गुणसूत्रावर सापडली व 1993 साली प्रत्यक्ष जनुक हाती आले.

आता भाकीत करता येऊ लागले, आणि खरी अडचण तेथून सुरू झाली. रोग समूळ बरा करणारे औषध आजही नाही. चाचणी निघण्यापूर्वी बहुतेकांनी ‘आम्ही ती करू’ असे सांगितले होते. ती निघाल्यावर पुढे आले ते थोडेच. त्यांचे अनुभवही अपेक्षेप्रमाणे नव्हते. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील अभ्यासात असे आढळले की, वाईट बातमी मिळालेलेही वर्षभराने, अनिश्चितीत राहिलेल्यांपेक्षा सावरलेले होते. उलट सुटका झालेल्यांतील काही जण कोलमडले! आपण मरणारच, या हिशेबाने ज्यांनी आयुष्य बेतले, त्यांना एकाएकी लाभलेली चाळीस वर्षे पेलवेनात. भावाला रोग आणि आपण मोकळे, हे शल्यही होतेच. नातवाने चाचणी करावी आणि ती सदोष ठरावी, की ज्याला जाणून घ्यायचेच नव्हते त्या बापाचेही भविष्य न विचारता उघड होते.

म्हणून 1994 साली रोग्यांची आंतरराष्ट्रीय संघटना व मज्जातंतुवैद्य यांनी मिळून नियम केले. माहिती व निर्णय यांत निदान एक महिन्याचे अंतर असावे. सोबत जिवाभावाचे माणूस असावे. निकाल समक्ष सांगावा. अज्ञान मुलांची चाचणी करू नये. आणि निकाल तयार झाला असला तरीही ‘मला तो नको’ असे म्हणण्याचा अधिकार शेवटपर्यंत असावा.

ज्या चाचणीसाठी नॅन्सी वेक्सलर हिने आयुष्य वेचले, ती स्वतः करून घेतली की नाही, हे तिने कित्येक वर्षे लोकांना सांगितले नाही. 2020 साली तिने आपल्यालाही हा रोग जडल्याचे जाहीर केले. तेव्हा ती 74 वर्षांची होती.