गिरणीच्या दारातील मूल

आपल्या मंडळाच्या स्मरणिकांतून मूळ गावे, कुलदैवते आणि ज्ञातीतील दानशूर पुरुष यांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ज्या हातांनी मुंबईत आपले संसार उभे केले, त्यांत लहान मुलांचेही हात होते, ही गोष्ट आपण सहसा उच्चारीत नाही. तिचा इतिहास ज्ञातिबंधुभगिनींपुढे थोडक्यात ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापिलेली कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली. पुढे कोकणातून व घाटावरून माणसे गिरणगावात येत गेली. विजेचे दिवे येण्यापूर्वी गिरणी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले. कताईखात्यात मुले भरलेल्या बॉबिनी काढीत व रिकाम्या बसवीत. यंत्रे मोठ्यांच्या उंचीस व सावधपणास अनुसरून मांडलेली. त्यांच्यामध्ये वावरावयाचे ते मात्र सात-आठ वर्षांच्या पोराने!

१८७५ साली सरकारने मुंबईत चौकशीसाठी आयोग नेमिला. १८७८ साली सोराबजी शापुरजी बंगाली यांनी मुलांच्या संरक्षणासाठी कायद्याचा मसुदा तयार केला. अखेर १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा झाला. सात वर्षांखालील मुलास कामावर घेऊ नये, सात ते बारा वर्षांच्या मुलास नऊ तासांहून अधिक राबवू नये, त्यास रोज एक तास विश्रांती व महिन्यास चार सुट्या द्याव्यात, असे त्यात होते. धोक्याच्या यंत्रास कुंपण घालणेही आवश्यक ठरले.

त्या वेळी आपल्याकडील अनेक पुढाऱ्यांनी या कायद्यास विरोध केला, हे नमूद करणे अगत्याचे आहे. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना मुंबईच्या मालाची स्पर्धा सलत होती आणि या दयाबुद्धीमागे त्यांचा स्वार्थ आहे, असा त्यांचा आक्षेप होता. तो निराधार नव्हता. तथापि सांगणाऱ्याचा हेतू शुद्ध नसला म्हणून पट्ट्यात सापडलेले बोट परत येत नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी हे ओळखले. १८८४ साली त्यांनी कामगारांच्या सभा भरवून साप्ताहिक सुटी, दुपारची विश्रांती व अपघातात भरपाई या मागण्या स्वकीयांच्याच मुखाने मांडल्या.

पुढे किमान वय १८९१ साली नऊ, १९२२ साली बारा आणि १९४८ च्या कायद्याने चौदा झाले. मुलांच्या कामाचे तास सातांवरून सहा, पाच व शेवटी साडेचार असे उतरत गेले.

परंतु वय व तास ठरविल्याने प्रश्न सुटला नाही. आई कामावर, घरी कोणी नाही; मग तान्हे मूल कोठे ठेवावे? खानदेश-वऱ्हाडातील जिनिंगच्या कारखान्यांत ते आईशेजारी कापसाच्या धुळीत निजे. मुंबईत पुष्कळ माता त्यास अफूची बाळागोळी देऊन चाळीतच ठेवीत. हा दोष त्या मातांना देणे अन्यायाचे होईल. १९२९ साली नेमलेल्या रॉयल कमिशनपुढे या गोष्टी आल्या. त्याचे एक सभासद आपले ना. म. जोशी होते. १९३४ च्या कायद्याने दोन्ही बाजू सांभाळल्या. धोक्याच्या ठिकाणी मुलांस प्रवेश बंद करण्याचा अधिकार दिला आणि पन्नासांहून अधिक स्त्रिया असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी स्वतंत्र खोली ठेवावयास लावण्याची तरतूद केली. 'येथे येऊ नकोस' असे सांगणाऱ्याने 'तेथे बैस' म्हणून जागाही दाखविली पाहिजे, हे तत्त्व तेव्हा मान्य झाले.

यात आपला वाटाही निर्मळ नाही. आमच्या आजोबांचे वय घरच्या टिपणात एक आणि गिरणीच्या हजेरीपटावर दुसरे होते. पणजोबांनी ते वाढवून सांगितले होते. घरात खाणारी तोंडे सात आणि मिळविते दोन! आम्ही त्यांस नावे ठेवीत नाही. पण आजोबांचा डावा अंगठा अर्धाच होता, हेही आम्ही विसरू शकत नाही.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. आज आपल्या सभासदांचे फरसाणाचे कारखाने, फॅब्रिकेशनच्या शेड व पिठाच्या गिरण्या आहेत. २०१६ च्या दुरुस्तीने शाळा सांभाळून घरच्या धंद्यात मदत करण्याची मुलांस मोकळीक ठेवली आहे, मात्र धोक्याच्या कामांत ती नाही. परंतु आपल्या घरी तपासणीस येत नाही. तेथे नियम करणारे आपणच. फार कशाला, आपल्या स्नेहसंमेलनात उकळत्या तेलाच्या कढईभोवती मुले धावताना आम्ही पाहिली आहेत.

म्हणून आमची कार्यकारिणीस नम्र सूचना आहे की, पुढील संमेलनापासून चौदा वर्षांखालील मुलांस मुदपाकखान्यात मज्जाव असावा आणि त्याच वेळी शेजारच्या दालनात त्यांच्या खेळाची व देखरेखीची सोय व्हावी. सभासदांनीही आपापल्या कारखान्यात अशीच एक रेघ आखावी. आजोबांच्या अंगठ्याचे ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग आम्हांस दिसत नाही.