आधी काडतूस, मग रायफल

मंडळी, आता १९७५ सालच्या अमेरिकेत जाऊ. बेंचरेस्ट नेमबाजीत रायफल मेजावर टेकवून एकाच जागी पाच-पाच गोळ्या मारतात. छिद्रं जितकी जवळजवळ, तितका नेमबाज वरचढ. तिथे १९५० साली आलेल्या पॉइंट २२२ रेमिंग्टन काडतुसाचा मोठा दबदबा होता.

त्याला आव्हान दिलं डॉक्टर लुई पाल्मिसानो आणि कारागीर फेरिस पिंडेल यांनी. त्यांनी निवडलं पॉइंट २२० रशियन, म्हणजे कलाश्निकोव्हच्या ७.६२ × ३९ काडतुसाचं वंशज. पुंगळी आखूड आणि रुंद. त्यात दारू सारखी जळते, असा त्यांचा कयास. गोळी घेतली ६ मिलिमीटरची. नाव पडलं ६ पीपीसी.

पण हे काडतूस दुकानात होतंच कुठे? म्हणून आधी रीमर घडवायचा, त्याने नळीत काडतुसाचं घर कोरायचं, बोल्टचं तोंड त्या मापाचं करायचं. मग रशियन पुंगळीचं तोंड रुंदावून ती त्याच घरात उडवायची; दाबाने फुगून ती नवा आकार घेई. म्हणजे काडतुसासाठी बांधलेली रायफलच काडतुसाचा साचा झाली!

पुढे पीपीसीने बेंचरेस्टचं मैदान मारलं आणि फिनलंडच्या साकोने ते कारखान्यात आणलं. युद्धासाठी जन्मलेल्या घराण्याचं नाव असं कागदावरच्या छिद्रांनी राखलं.